देव तोतरा नाही

राहेलआत्याच्या मातीला सगळी मंडळी आली होती आणि सगळी मंडळी खोटं बोलत होती. शब्द कडू आहे, पण दुसरा सापडत नाही. मे महिन्यातलं सोलापूर. चर्चमधले पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. एकेक जण उठून शवपेटीशेजारी उभा राहत होता आणि साक्ष देत होता. "आत्यांनी देवाला विचारलं, म्हणून मी दुकान टाकलं." "आत्यांच्या तोंडून देव बोलायचा." "आत्यांचं उत्तर कधी चुकलं नाही." पुढच्या बाकावर आत्याची भाची ग्रेसी बसली होती. ती ना मान डोलावत होती, ना रडत होती. शेवटचं वाक्य ऐकल्यावर तिने डोक्यावरची ओढणी तेवढी सारखी केली. मी खाली फरशीकडे बघत बसले. शरमेने मान वर होईना. कारण ह्याच चर्चमध्ये, सहा-सात महिन्यांपूर्वी, आत्याने उभं राहून आम्हा सगळ्यांना हात जोडले होते आणि नेमकं हेच बोलू नका म्हणून विनवलं होतं.

तिचं कुणी ऐकलं नाही. ते का, हे सांगायचं तर आधी आत्या सांगायला हवी.

ती मंद्रूपच्या पलीकडच्या एका खेड्यातली. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात आली आणि मग तिथलीच झाली. आमच्या मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची, मी मराठी शिकवायचे. शाळेतही शेजार आणि घरीही समोरासमोर दारं, त्यामुळे मला ती चोवीस तास दिसायची आणि निम्मा वेळ ऐकू यायची. ठेंगणी, रुंद, चालताना थोडी डुलणारी. तोंडात कायम टाचण्या. कपडा अंगावर बसवताना ओठांत चार टाचण्या धरून ती बोलायची, आणि मिशनच्या कंपाउंडातल्या आम्हा सगळ्यांना ते टाचणीतलं मराठी कळायला लागलं होतं. वाईट बसलेला कपडा तिला बघवत नसे. एकदा उपासनेची घंटा वाजत असताना तिने पाळकसाहेबांना दारात थांबवलं, खाली बसून त्यांच्या झग्याची उसवलेली किनार दोन टाक्यांत धरली आणि मग "आता जावा देवापुडं" म्हणून सोडलं.

लग्न केलं नव्हतं. नव्याने आलेल्या एका शिक्षिकेने भाबडेपणाने कारण विचारलं, तर आत्या म्हणाली, "कुनी इचारलं न्हाय, आन देवानं बी सुचवलं न्हाय. दोगंबी गप. मग मी बी गप बसले की."

भावाची बायको वारली आणि भाऊ दुसरं लग्न करून करमाळ्याला गेला, तेव्हा त्याची मुलगी आत्याने आपल्याकडे ठेवून घेतली. ती ग्रेसी. ती हाक मारायची 'आत्या', म्हणून शाळेची आत्या, चर्चची आत्या, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचीसुद्धा आत्याच. राहेल हे नाव फक्त मस्टरवर राहिलं.

देवाला विचारण्याचं काम तिच्याकडे कसं आलं ते कुणालाच नक्की आठवत नाही. आम्हा ख्रिस्ती माणसांची ही एक खोड आहे. घर घ्यायचं, नोकरी सोडायची, पोरगी द्यायची, काहीही करायचं असलं की आधी 'देवाची इच्छा काय' हे कळायला हवं असतं. कळून घ्यावी हे बरोबरच. पण स्वतः गुडघे टेकायचा कंटाळा, आणि उत्तर आलं तर ते आपल्याला ओळखू येईल का ही भीती. मग ज्याला ओळखू येतं असं वाटतं, त्याच्या दारात जायचं. आमच्याकडे ते दार आत्याचं होतं.

तिची रीत ठरलेली होती. गुरुवारी संध्याकाळी माणसं येऊन आपलं गाऱ्हाणं सांगत. शुक्रवारी ती कडक उपास करी. पाणी तेवढं चाले. दिवसभर शिवण चालू आणि मनात बोलणं चालू. संध्याकाळी हातपाय धुवून शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घ्यायचं, डोळे मिटायचे, पानं उघडायची आणि बोट ठेवायचं. बोटाखाली जे वचन येईल त्यावर बसून राहायचं. मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, वर कच्चं तेल. ती म्हणायची, "उपासाचं बक्षीस सोर्गात मिळंल तवा मिळंल, चटनी हितंच हाय." रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात चिंचेखालच्या दगडी बाकावर ती उत्तर द्यायची. उत्तरं तीनच: व्हय, न्हाय आणि थांब. बहुतेकांच्या वाट्याला 'थांब' यायचं आणि लोक तोंड पाडून घरी जायचे.

ह्या बोट ठेवण्याला एक कडक नियम होता. बोट एकदाच ठेवायचं. आमच्यातले फिलिपमामा डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे विचारायला आले, तेव्हा तिने त्यांच्याच बोटाने वचन काढायला लावलं. बोट पडलं ते वंशावळीवर. अमक्याला तमका झाला आणि तमक्याला ढमका. मामा हिरमुसले. म्हणाले, "परत ठेवतो." आत्याने शास्त्र ओढून घेतलं.

"परत न्हाय. देव तोतरा न्हाय, मामा. एकदा बोलतो."

"अगं, पण ह्याचा अर्थ काय लावायचा?"

"अर्थ असा, की डोळ्याच्या डाक्टरला जाऊन इचारा. देवाचा येळ खाऊ नका."

मामांनी ऑपरेशन केलं आणि नंतर कितीतरी दिवस ते रस्त्यात भेटेल त्याला 'देव तोतरा नाही' हे सांगत फिरत होते. चर्चमध्ये तो वाक्प्रचारच झाला. कुणी पत्त्यात दुसऱ्यांदा पान उचललं, कुणी पोराला दोनदा हाक मारली की लोक हसून तेच म्हणायचे.

तिची खरी चीड होती ती आधीच ठरवून येणाऱ्यांवर. एक तरुण मुलगा लग्नासाठी देवाची इच्छा विचारायला आला. बसला, पाणी प्याला, आणि बोलता बोलता पिशवीतून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. छापलेली पत्रिका होती. आत्याने ती उलटीसुलटी करून बघितली.

"पत्रिका छापून झाली व्हय?"

"व्हय आत्या. मंगल कार्यालय पण धरलंय."

"मग तू देवाला इचारायला न्हाय आलास. आवतन द्यायला आलायस. बरं, येतो म्हनाला तो. जा आता."

पोरगा लाजून लाल. त्या लग्नात मात्र नवरीच्या ब्लाउजच्या बाह्या आत्यानेच रात्रभर बसून नीट केल्या होत्या.

आणि एक गोष्ट सांगतो आम्ही सगळे, कौतुकाने. आमच्या मागच्या गल्लीत नरसम्मा राहायची, विड्या वळणारी तेलुगू बाई. ख्रिस्ती नव्हती, पण तिलाही आत्याच्या देवावर भरवसा. मुलगी सातवीत, तिची शाळा काढून तिला विड्यांना बसवू का, असं विचारायला ती आली. तो गुरुवार होता, पण आत्याने शुक्रवारची वाट बघितली नाही. जागच्या जागी म्हणाली, "ह्याला उपास कशापायी? तुला ठावकं न्हाय का काय बरोबर ते? ठावकं हाय. मग इचारतीस कशाला?" आणि नरसम्मा गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमन, जे ठावकं हाय ते देवाला इचारू न्हाय. मानूस तवाच इचारतो जवा त्याला ते करायचं नसतं."

मला हे इतकं पटलं की मी ते शाळेत मुलींना सांगितलं. असं सगळं तिचं चोख होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना जीव वर-खाली होतो.

ग्रेसी हुशार निघाली. नर्सिंगचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाली. लहान बाळांमध्ये तिचा हात विशेष चाले; अपुऱ्या दिवसांचं, मुठीएवढं बाळ तिच्या हातात शांत होई. तिच्या शिक्षिकेने तिचं नाव मद्रासकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलला कळवलं आणि तिथून बोलावणं आलं. नवजात बाळांच्या विभागात दोन वर्षांचं शिक्षण, आणि नंतर तिथेच नोकरी. उत्तर आठवड्याभरात हवं होतं. ग्रेसी पेढे घेऊन आमच्याकडे आली तेव्हा तिचे डोळे नुसते चमकत होते. म्हणाली, "काकू, आत्या देवाला विचारणार आहे. मग मी फोन करून कळवते."

मी म्हटलं, "ह्यात काय विचारायचं?"

ती हसली. "असं कसं काकू? सगळ्यांचं विचारते, माझं नको का?"

शुक्रवारी आत्याने उपास केला. रविवारी बाकावर उत्तर दिलं. ग्रेसी समोर उभी होती, आम्ही दोघी-तिघी मागे. आत्या शिवणाच्या पिशवीत काहीतरी शोधत होती आणि शोधता शोधताच म्हणाली, "न्हाय. थांब म्हनतो देव."

ग्रेसीने "बरं" म्हटलं. घरी येऊन धुण्याच्या दगडावर कपडे आपटत ती बराच वेळ रडली आणि मग फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तिच्या जागी तिच्याच वर्गातली दुसरी मुलगी गेली. ग्रेसी इथेच, सात रस्ता चौकाजवळच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथे बाळंतपणं व्हायची, पण बाळ जरा नाजूक असलं की दुसरीकडे पाठवून द्यायचे. बाळ गाडीत घालून पाठवणं एवढंच तिच्या हातात असायचं. लग्नाची स्थळं आली, गेली. आत्याला बीपी निघालं, गुडघे गेले. ग्रेसी तिला औषधं द्यायची, अंघोळीचं पाणी काढायची.

आणि चर्चमध्ये साक्ष द्यायची. वर्षातून एकदा तरी ती उठायची आणि सांगायची, "मला मोठी संधी आली होती, पण देवाने मला थांबवलं. माझ्या आत्याची सेवा करायला थांबवलं. देवाची योजना आपल्यापेक्षा मोठी असते." आम्ही सगळे "आमेन" म्हणायचो. अशा वेळी आत्या बाकावर अंग चोरून बसायची. मला वाटायचं कौतुकाने संकोचली असेल. आता आठवलं की कळतं, ती लाज होती. वर्षानुवर्षं, दर साक्षीला, सगळ्यांसमोर ती लाजेने मेली असेल आणि आम्ही तिच्याकडे बघून प्रेमाने हसत होतो.

गेल्या वर्षीच्या कापणीच्या सणाला ते फुटलं. आमच्याकडे त्या दिवशी ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, पेरू, अंडी, घरची कोंबडीसुद्धा वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आदल्या दिवशी आम्ही बायका वेदीचं टेबल सजवत होतो. आत्या टेबलाच्या कापडाला झालर टाचत होती. आमच्या गायनमंडळातली रेश्मा, अठरा-एकोणीस वर्षांची, ग्रेसीशेजारी बसून फुलं बांधत होती. तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि घरचे पाठवावं की नाही ह्या विचारात होते.

"आत्याकडे जा ना," ग्रेसी तिला म्हणाली. "आणि आत्या नाही म्हणाली तरी वाईट वाटून घेऊ नकोस हं. मलाही नाही आलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं त्रास होतो. मग सवय होते."

"तुम्हाला कधी वाटलं नाही का ताई, जायला पाहिजे होतं म्हणून?"

"वाटतं की. पण देव नाही म्हणाला तर काय करणार?"

रेश्माने मान डोलावली, म्हणाली, "मग मी पण देवावरच सोडते." तेवढ्यात आत्याच्या हातातलं कापड खाली पडलं. ती उठली. ओठांतल्या टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि बाहेर गेली. झालर मीच पुरी केली, वाकडी झाली.

सणाच्या उपासनेत साक्षीची वेळ आली तेव्हा आत्या उठली. पुढे गेली नाही. आपल्या जागीच बाकाचा कठडा धरून उभी राहिली.

"साक्ष न्हाय ही," ती म्हणाली. "मला एक कबूल करायचं हाय. ग्रेसीला मद्रासचं बोलावनं आलं तवा मी देवाला इचारते म्हनाले. उपास केला. डोळे मिटून बोट ठेवलं. जे आलं ते मला नको हुतं. मी पुस्तक मिटलं आन परत बोट ठेवलं. परत बी मनासारकं आलं न्हाय. तिसऱ्या खेपंला मी डोळे मिटलेच न्हाईत. जितं थांबा म्हनून लिवलंय ते पान मला पाठ हाय. तितं बोट नेऊन ठेवलं."

मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

"देव न्हाय म्हनला नव्हता. मी म्हनले. पोरगी गेल्यावर घरात एकटीनं कसं ऱ्हायचं, ह्याचं मला भ्या वाटत हुतं. ते भ्या मी देवाच्या नावानं सांगितलं. आन इचारायची बी गरज नव्हती. तिनं जायला पायजे हे मला बोलावनं आलं त्याच दिशी ठावकं हुतं." तिने ग्रेसीकडे हात केला. "पोरगी इतकी वर्सं हितं उभी ऱ्हाऊन माझं खोटं देवाच्या नावानं सांगतीया. आता ते रेश्माला बी सांगाय लागली. ह्यापुडं माझ्याकडं कुनी येऊ नका. आन माझ्या तोंडातनं देव बोलतो, असं मी मेल्यावर बी कुनी बोलू नका. पाया पडते तुमच्या."

ती हात जोडून तशीच उभी राहिली. आमचे पाळक नवे, तरुण. ते घाईने वेदीपुढे आले. ते म्हणाले, "मंडळी, आत्यांची नम्रता बघा. इतक्या वयाला, इतका मान असताना, स्वतःला असं लहान करणं…"

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी दोघं-चौघं.

"आमेन म्हनू नका!" आत्या ओरडली. मी तिला कधी असं ओरडताना ऐकलं नव्हतं. "नम्रता न्हाय ही. पाप हाय."

पाळकांनी गायनमंडळाला खूण केली. गीत सुरू झालं. आणि आम्ही गायलो. आत्या हात जोडून उभी, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या बोलण्यावर गीत पांघरून टाकलं. बाहेर पडताना बायका म्हणत होत्या, "उपाशी आली असेल, शुगर कमी झाली असेल." लिलावात तिने आणलेल्या पेरूंवर नेहमीपेक्षा चढी बोली लागली. आत्याच्या हातचे पेरू म्हणून.

पुढच्या गुरुवारी माणसं आलीच. आत्याने दार लावून घेतलं. एक बाई पायरीवर बसून राहिली. "आत्या, नुसतं व्हय का न्हाय तेवढं सांगा." आतून आत्या म्हणाली, "मला म्हाईत न्हाय!" ती बाई समाधानाने उठली आणि जाताना मला म्हणाली, "थांब असं उत्तर आलं, काकू."

मला राग आला, पण कोणत्या तोंडाने रागवायचं? आमच्या प्रत्येकाच्या घरात आत्याच्या उत्तरावर उभी राहिलेली काहीतरी गोष्ट होती. माझ्या मुलाने नोकरी घेतली तीसुद्धा तिच्या 'व्हय'वर. एक उत्तर खोटं निघालं तर बाकीच्यांचं काय करायचं? त्यापेक्षा आत्याच थकली, आत्याच भ्रमली, हे सोपं होतं. तिने आमच्यापुढे आपली लाज उघडी केली आणि आम्ही ती तिला परत नेसवली. त्यात तिचं अब्रूरक्षण नव्हतं, आमची सोय होती.

तिच्यावर विश्वास ठेवला तो एकट्या ग्रेसीने. तिने त्या दिवशी गीत गायलं नाही. घरी आली, भाकऱ्या थापल्या, आत्याला वाढलं, गोळी दिली आणि बोलणं बंद केलं. दिवाळी गेली, नाताळ जवळ आला. समोरच्या घरात भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही. एका दुपारी मी न राहवून ग्रेसीला घरी बोलावलं आणि मूर्खासारखं म्हटलं, "चुकली गं ती. म्हातारी आहे. सोडून दे."

तिने चहाचा कप बाजूला सारला.

"ती खोटं बोलली त्याचं एवढं नाही काकू," ती म्हणाली. "मी देवावर रुसले होते. इतकी वर्षं. वरून साक्ष देत होते आणि आतून बोलतच नव्हते त्याच्याशी. प्रार्थनेला बसले की नुसतं पाठ केलेलं म्हणायचे. त्याने मला नको म्हटलं, असं वाटायचं. सगळ्यांना देतो आणि मलाच नाही. आणि तो ह्यात नव्हताच की. त्याला काही माहीतच नव्हतं. आता त्याच्यापुढे जायला मला लाज वाटते." मग डोळे पुसून म्हणाली, "हे आत्याला सांगू नका. तिला सहन व्हायचं नाही."

मी सांगितलं नाही. पण आत्याला ते कळलं असावं. नाताळात ती प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेली नाही. शेवटच्या बाकावर, चपला काढून ठेवतात तिथे दाराजवळ बसून राहिली. पाळक स्वतः तिच्यापर्यंत आले, तरी तिने मान हलवली.

फेब्रुवारीत ग्रेसीने पुण्याच्या एका हॉस्पिटलात बाळांच्या विभागात अर्ज केला. मुलाखतीला कुणाला न सांगता सकाळच्या गाडीने गेली आणि संध्याकाळी परत आली. जागा मिळाली. शिकाऊ म्हणूनच, तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान मुलींच्या हाताखाली. त्या रात्री जेवताना तिने आत्याला सांगितलं. कित्येक महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य तेच होतं, "आत्या, मी पुण्याला चाललेय." आत्या म्हणाली, "बॅगंची चेन खराब झालीया. दे, बसवून देते." दुसऱ्या दिवशी दिवसभर ती ग्रेसीचे पांढरे ड्रेस नीट करत बसली. बाह्या सैल केल्या, खिसे पक्के केले. रेश्माची आईही त्याच दुपारी येऊन गेली. रेश्माला पाठवायचं ठरलं होतं. आत्याने तिलाही काही सांगितलं नाही, नुसतं "बरं झालं" म्हणाली.

स्टेशनवर आम्ही तिघीच होतो. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की आत्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि ती इतकी लांबायची की माणसाचा जीव गाडीकडे लागायचा. त्या दिवशी तिने हात वर केला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून ती खांबाला टेकून उभी होती. ग्रेसी डब्यात चढली, सामान लावलं आणि परत दारात आली. मी बघितलं तर तिचा चेहरा उतरला होता. बावीस वर्षांच्या वयात जे भ्यायचं असतं, ते ती आता भीत होती.

"आत्या," ती म्हणाली, "ह्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. देवालासुद्धा धड विचारलं नाही. मी जाते, एवढंच त्याला सांगितलं. माझं चुकलं तर?"

आत्या खांब सोडून पुढे आली. ग्रेसीच्या ड्रेसची कॉलर एका बाजूला वळली होती, ती तिने सरळ केली.

"चुकलं तर घरी ये," ती म्हणाली. "दार उघडं हाय. भाकरी हाय. तो बी हाय."

गाडी हलली. ग्रेसीने हात केला, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि डबा पुढे निघून गेला.

आत्या तिथेच उभी राहिली. हमालाने बाजूला व्हा म्हटलं, तेही तिला ऐकू आलं नाही. मी तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"एवढंच सांगायचं हुतं गं मला, सुमन," ती म्हणाली. "तवा बी एवढंच सांगायचं हुतं."